आई पहाऱ्यावर असते तेव्हा

दिवाळी उलटून बाजारात कापसाच्या गाड्यांची वर्दळ वाढू लागली, त्या सुमारास आमच्या दुकानाच्या पायरीखाली एका गावठी कुत्रीने पाच पिल्लांना जन्म दिला. एरवी शेपटी हलवीत जवळ येणारी ती कुत्री आता हमालाचे पाऊल वाजले तरी दात दाखवी. तिसऱ्या दिवशी ती एका गिऱ्हाइकावर धावून गेली आणि पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडावीत, अशी चर्चा पेढीवर सुरू झाली. दर पर्युषणात जीवदयेची पावती फाडणारे आम्हीच ती करीत होतो, हे लिहिताना संकोच वाटतो.

कुत्री सुमारे ६३ दिवस गर्भ वागविते. पिल्ले जन्मतः आंधळी व बहिरी असतात. डोळे उघडण्यास साधारण दोन आठवडे लागतात. अंगाची ऊबही त्यांना स्वतः राखता येत नाही, म्हणून आरंभीचे दिवस आई त्यांच्यापासून फारशी हलतच नाही. ती त्यांच्या पोटावरून जीभ फिरवीत राहते, ते केवळ स्वच्छतेसाठी नव्हे. त्या स्पर्शावाचून त्यांना मलमूत्रविसर्जनही करता येत नाही. जागा निर्धोक वाटली नाही, तर एकेक पिल्लू तोंडात धरून ती दुसरीकडे नेते. ज्या दातांना गिऱ्हाईक भ्याले, त्याच दातांत पिल्लाला ओरखडाही उमटत नाही.

टिटवीपाशी तर दातही नाहीत. शेताच्या उघड्या मातीत अंडी घालणारी ही पक्षीण पंख मोडल्याचे सोंग करून शत्रूला दूर नेते आणि उन्हाळ्यात पोटाची पिसे भिजवून अंड्यांना गारवा देते.

आपल्या जिल्ह्यात मातेच्या या उग्रतेचा विषय निघाला की ‘अवनी’ आठवतेच. पांढरकवडा-राळेगाव परिसरात दोन वर्षांत १३ माणसांचे बळी गेल्याचे सांगितले जात होते आणि त्यांचा ठपका प्रामुख्याने तिच्यावर होता. शेतावर गेलेला माणूस परतला नाही, अशा घरांचे दुःख लहान मानणारी दया अपुरीच म्हणावी लागेल. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ अवनीला गोळी घालण्यात आली, तेव्हा तिचे दोन बछडे वर्षाचेही नव्हते. वाघाचे बछडे दीड-दोन वर्षे आईच्या मागे राहून शिकार शिकतात; नर त्यांच्या संगोपनात सहसा भाग घेत नाही. त्यातील मादी बछड्यास डिसेंबरमध्ये पकडून पेंचला नेले, तेथे वाढविले आणि मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडले. अवघ्या काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन तिचा अंत झाला. अशा झुंजीत आईने वाढविलेले वाघही मरतात, हे खरे; तरी तिची शिकवणी अर्धीच राहिली होती, हा विचार मनातून जात नाही.

पेढीवर त्या दिवशी आमच्या वडीलधाऱ्यांनी चर्चा थांबविली. पायरीपुढे गोणपाट टांगले, पाण्याचे भांडे चार हातांवर ठेवले आणि हमालांची ये-जा मागच्या दाराने सुरू केली. गिऱ्हाइकांना जरा वळसा पडे, दोघांनी तशी कुरकुरही केली. दीड महिन्याने पिल्लेच बाहेर येऊन त्यांच्या चपला पळवू लागली. आई ओट्यावर उन्हात निजलेली असे, एक डोळा उघडा ठेवून.