चारही चाकं फिरतात, तरी गाडी फसते ती का?

वणीहून कायरमार्गे मुकुटबनला येताना रस्त्याला सोबत असते ती अवजड वाहनांची. वणीच्या पट्ट्यात कोळसा आणि मुकुटबनच्या आसपास चुनखडी. त्यात २०२२ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथे सुरू झाला. डांबर सोडून आत वळलं की मुरूम लागतो, मुरूम संपला की पांदण, आणि पांदण संपते तिथे वावर. पावसाळ्यात या शेवटच्या टप्प्यात गाडी न्यायची की रस्त्यावरच लावून चिखल तुडवत जायचं, हा इथल्या कास्तकाराचा आणि जनावरांच्या डॉक्टरचा रोजचा प्रश्न आहे. म्हणूनच ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ असलेल्या छोट्या एसयूव्हीची या भागात फार आस्थेनं चौकशी होते.

ज्यांनी अशी गाडी घेतली, त्यांचं आपसात एकमत नाही. कोणी म्हणतो, हिच्यासारखी गाडी नाही. कोणी म्हणतो, जादा दिलेले पैसे वाया गेले. मला दोघांचंही खरं वाटतं, कारण त्यांचे रस्ते वेगळे होते आणि गाडीकडून अपेक्षा त्याहून वेगळ्या. त्या अपेक्षा बहुतेक वेळा शोरूममधल्या बोलण्यातून आणि डोंगरात चित्रित केलेल्या जाहिरातींतून तयार होतात. काळ्या मातीचा त्यात कुठे उल्लेखच नसतो.

“एसयूव्ही आहे म्हणजे चारही चाकं ओढणारच”

नाही. क्रेटा, सेल्टॉस, ब्रेझा, नेक्सॉन या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाड्या फक्त पुढच्या दोन चाकांवर चालतात. थार म्हटली की फोर बाय फोर, असं लोक धरून चालतात. पण जानेवारी २०२३ पासून थारही दोन चाकांवर चालणाऱ्या रूपात मिळते. छोट्या क्रॉसओव्हरमध्ये ऑल व्हील ड्राइव्हचे पर्याय मोजकेच. रेनो डस्टरमध्ये ती सोय २०१४ मध्ये आली आणि डिझेल इंजिनाबरोबरच गेली. २०२२ मध्ये मारुती सुझुकीची ग्रँड विटारा आणि त्याच बांध्याची टोयोटा हायरायडर आली, पण त्यांच्याही ठरावीक प्रकारांतच ही सोय मिळते. ज्या स्ट्राँग हायब्रिड ग्रँड विटाराचं लिटरला २७.९७ किलोमीटरचं मायलेज लोक कौतुकानं सांगतात, ती पुढच्या चाकांवरच चालते. ते मायलेज आणि चारही चाकांची ओढ, दोन्ही एकाच गाडीत मिळत नाहीत.

जुनी गाडी घेताना मागच्या दारावरच्या बिल्ल्यावर विसंबू नका. वाकून गाडीखाली पाहा. या वर्गातल्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत पुढून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा दिसतो. तो दिसला नाही, तर बिल्ला काहीही म्हणो.

“फोर बाय फोर काय आणि ऑल व्हील ड्राइव्ह काय, एकच”

फोर बाय फोर थार किंवा जिम्नीत ट्रान्सफर केस असते. दांडा ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्के जोडले जातात, आणि त्याखाली ‘लो रेंज’चा वेगळा गिअर असतो. त्यात गाडी मुंगीच्या पावलांनी चालते, पण चाकावरचा जोर कितीतरी वाढतो.

छोट्या क्रॉसओव्हरची रचना मुळात पुढच्या चाकांच्या गाडीची. सपाट डांबरावर ती जवळजवळ पूर्णपणे पुढच्याच चाकांवर चालते. मागच्या डिफरन्शियलजवळ अनेक चकत्यांचा एक क्लच असतो आणि त्याचा दाब संगणक ठरवतो. पुढचं चाक घसरतंय किंवा घसरणार असं कळताच चकत्या आवळल्या जातात आणि काही जोर मागे जातो. ‘लॉक’ मोड निवडला की हा क्लच कमी वेगात सतत आवळलेला राहतो. वेग वाढला की गाडी स्वतःच त्यातून बाहेर येते.

हा क्लच सतत घासून तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी काही वेळ सुटतो. म्हणजे चिखलात पाच-सात मिनिटं सतत चाकं फिरवत राहिलात, तर नेमक्या गरजेच्या वेळी गाडी पुन्हा दोन चाकांची होऊ शकते. शिवाय या गाडीत लो रेंज नाही. मॅन्युअल गाडीत पहिला गिअर उंच पडतो, म्हणून चालक अर्ध्या क्लचवर खेळतो, आणि जळका वास येतो तो इथून. डस्टरच्या अभियंत्यांनी हे ओळखून तिच्या सहा गिअरच्या पेटीत पहिला गिअर मुद्दाम लहान ठेवला होता. जुन्या डस्टरचे मालक आजही तिची आठवण काढतात, त्यामागे हे एक पक्कं कारण आहे.

“चार चाकं ओढतात, म्हणजे काळ्या मातीत फसणार नाही”

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

जिल्ह्याच्या बऱ्याच भागातली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून भेगाळते. कपाशीला ओल धरून ठेवणारा हा गुण चाकाच्या मात्र मुळावर येतो. पावसानंतर पांदणीत दहा-बारा पावलं चाललं की चपलेला किलोभर माती चिकटते; टायरचंही तेच होतं. या गाड्यांना कारखान्यातून २१५/६० आर १७ मापाचे, डांबरासाठी केलेले टायर येतात. त्यांच्या खाचा उथळ आणि अरुंद असतात. दोन-चार फेऱ्यांतच त्या बुजतात, नक्षी दिसेनाशी होते आणि टायर गुळगुळीत होतो. मग माती चाकाच्या कमानीत भरते आणि आत घासल्याचा आवाज येऊ लागतो. या अवस्थेत गुळगुळीत चाकं दोन फिरली काय आणि चार फिरली काय! धरायलाच काही नाही, तर इंजिनाचा जोर मागे पाठवून होणार काय?

“पण ट्रॅक्टर तर जातो ना?” जातो, पण फक्त ताकदीमुळे नाही. बहुतेक ट्रॅक्टर मागच्या दोनच चाकांवर चालतात. त्याचं मागचं चाक खूप मोठं असतं, त्यावरचे तिरके दात उंच आणि दूर दूर असतात, म्हणून ते चिखलात रुततात आणि फिरताना माती बाहेर फेकतात. शिवाय ट्रॅक्टरचं पोट जमिनीपासून बरंच उंच. दोन चाकांचा ट्रॅक्टर जिथून जातो तिथे चार चाकांची कार फसते, या एका गोष्टीत सगळं उत्तर आलं.

पोटाचा मुद्दा इथे फार मोठा आहे. ग्रँड विटाराचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, म्हणजे वीतभराच्या आसपास. पांदणीत ट्रॅक्टर-ट्रॉलीनं पाडलेली चाकोरी भर पावसाळ्यात याहून सहज खोल होते. कारची चाकं त्या चाकोरीत उतरली की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. गाडी पोटावर टेकली की तिचं वजन चाकांवर राहत नाही. चारही चाकं फिरताना दिसतात आणि गाडी जागची हलत नाही. यावर कुठलाही मोड चालत नाही. एक बाजू चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी धुऱ्याकडच्या कडेवर ठेवून जाता येत असेल तर जा, नाहीतर गाडी मुरमावरच लावा.

फसल्यावर जोरात रेस देणं सगळ्यात वाईट. प्रत्येक फेरीला चाक स्वतःसाठी खड्डा खणतं. खाचांतली माती काडीनं काढायची, चाकापुढे पऱ्हाट्या, गिट्टी किंवा जुनी पोती टाकायची, पुढची चाकं सरळ ठेवायची आणि हलक्या पायानं निघायचं. बहुतेकदा ज्या वाटेनं आलो तिनंच मागे निघणं सोपं जातं, कारण ती जमीन आधीच दबलेली असते. टायरची हवा कमी करण्याचा सल्ला सगळे देतात. पैनगंगेच्या रेतीत तो खरा आहे, कारण टायर पसरतो आणि रेतीवर तरंगल्यासारखा चालतो. चिकट काळ्या मातीत त्याचा फायदा फार थोडा.

मग ऑल व्हील ड्राइव्ह उपयोगी कुठे? नाल्यातून वर येणाऱ्या ओल्या मुरमाच्या चढावर. सुट्या गिट्टीवर. ट्रकला वाट देताना एका बाजूची चाकं डांबराखाली, ओल्या साइडपट्टीवर उतरली असतील तिथून पुन्हा वर येताना. गवताळ, निसरड्या उतारावरून गाडी वळवताना. म्हणजे जिथे चाकाखाली कठीण थर आहे आणि वर फक्त निसरडेपणा आहे, तिथे. अशा ठिकाणी पुढच्या चाकांची गाडी जागेवर घसरत राहते आणि ही गाडी जराशी थबकून निघून जाते. वर्षभर अशाच वाटांवर असलेला मालक खूश असतो, आणि त्याचं खूश असणं योग्य आहे.

“स्नो मोड आपल्याला काय कामाचा?”

वणी-मुकुटबनला बर्फ पडत नाही, हे खरं. पण या मोडचं नाव बाजूला ठेवा आणि काम पाहा. ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिनाचा जोर एकदम येत नाही, हळूहळू येतो, आणि मागच्या चाकांना जोर आधीपासून मिळू लागतो. पहिल्या पावसात ओल्या मुरमावर नेमकं हेच हवं असतं. या प्रकारच्या गाड्यांचा उगमही बर्फाशीच जोडलेला आहे. जपानच्या तोहोकू भागातल्या वीज कंपनीला बर्फातून कर्मचारी नेण्यासाठी जीपपेक्षा आरामशीर गाडी हवी होती. त्या मागणीतून सुबारूनं १९७२ मध्ये लिओनी ही चारही चाकांना जोर देणारी साधी कार बाजारात आणली. दाबलेला बर्फ आणि ओला मुरूम यांत साम्य आहे. गुडघाभर काळा चिखल ही सर्वस्वी वेगळी गोष्ट.

“चार चाकांमुळे ब्रेक चांगला लागतो”

ब्रेक प्रत्येकच कारच्या चारही चाकांना असतात. थांबायला लागणारं अंतर टायर, रस्ता, वेग आणि वजन ठरवतं, आणि ऑल व्हील ड्राइव्ह गाडी थोडी जडच असते. खरा धोका वेगळा आहे. निसरड्या रस्त्यावर ही गाडी न घसरता वेग घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. कोळसा आणि सिमेंटची बारीक धूळ बसलेल्या डांबरावर पहिली सर पडली की तिचा पातळ, निसरडा थर होतो. तो थर वेग घेताना जाणवला नाही, तरी समोर ट्रकनं ब्रेक मारला की जाणवतोच.

“रपट्यावरून पाणी वाहतंय, पण आपली गाडी उंच आहे”

याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. गाडी पाण्यात वाहून जाते ती चाकं कमी पडतात म्हणून नाही, तर ती तरंगू लागते म्हणून. हिशेब सोपा आहे. सव्वा मेट्रिक टनाच्या आसपास वजनाची ही गाडी. तिच्या पोटाचं क्षेत्र ढोबळमानानं ६ चौरस मीटर धरा. पाणी पोटाच्या वर १० सेंटीमीटर चढलं की ते गाडीला सुमारे ६०० किलोनं वर उचलतं. २० सेंटीमीटर चढलं की जवळपास सगळं वजन उचललं जातं. पोट जमिनीपासून २१ सेंटीमीटरवर. म्हणजे पुरतं गुडघाभरही नसलेल्या पाण्यात, आत पाणी शिरेपर्यंत, चाकांवर नावापुरतं वजन उरतं आणि आडवा प्रवाह गाडी सहज ढकलतो. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तर १२ इंच वाहतं पाणीही बहुतेक लहान गाड्या वाहून न्यायला पुरेसं असल्याचं बजावते. ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यातून पाण्यात उतरण्याची परवानगी मिळत नाही. इंजिनात पाणी शिरून ते अडकलं, तर साध्या सर्वसमावेशक विम्यात सहसा भरपाई मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. पण गाडीचं नंतर पाहता येईल. रपट्यावर पाणी असेल तर थांबा. मागे वणीकडे फिरावं लागलं तरी चालेल.

“पेट्रोल फार पिते, आणि टायर कुठलाही चालतो”

मायलेजची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. ग्रँड विटारा आली तेव्हा कंपनीचा आकडा मॅन्युअल गाडीसाठी लिटरला २१.११ आणि ऑल व्हील ड्राइव्हसाठी १९.३८ किलोमीटर होता. फरक साधारण आठ टक्क्यांचा. रस्त्यावर दोन्ही आकडे कमी भरतात.

टायरची बाब मात्र लोक फार हलक्यानं घेतात. पंक्चरवाला सांगतो, “पुढचे दोन घासले, दोनच टाका.” पुढच्या चाकांच्या साध्या गाडीत ते चालून जातं. इथे नाही. घासलेल्या टायरची त्रिज्या नव्यापेक्षा ५ मिलिमीटरनं कमी असेल, तर तो प्रत्येक किलोमीटरला सुमारे ७ फेरे जास्त मारतो. गाडीला ते घसरल्यासारखं वाटू शकतं आणि मागचा क्लच विनाकारण झिजत राहतो. म्हणून ठरावीक अंतरानं चारही टायरांची अदलाबदल करायची आणि शक्यतो चारही एकदम बदलायचे. या खर्चाचा अंदाज गाडी घेतानाच धरलेला बरा.

“फसली तर टोचन लावून नेऊ”

चिखलातून चार हात ओढून काढायला हरकत नाही. त्यासाठी टूलकिटमध्ये एक जाड हुक असतो; बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आतल्या आट्यांत पक्का बसवायचा आणि दोर त्यालाच बांधायचा. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला दोर बांधला की ट्रॅक्टरच्या पहिल्याच झटक्यात ते वाकतं. पण बंद पडलेली गाडी दोन चाकं उचलून वणीपर्यंत ओढत नेणं या गाड्यांना चालत नाही. उरलेली दोन चाकं फिरत राहिली की क्लच आणि डिफरन्शियल तापून निकामी होऊ शकतात. चारही चाकं जमिनीवरून उचलणारा सपाट ट्रकच मागवायचा, आणि फोनवर मदत मागताना गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे हे आधी सांगायचं.