कंबरेची टेप आणि दिवसाचा एक तास

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमध्ये २०.८ जणींचे वजन गरजेपेक्षा कमी आहे आणि २३.४ जणींचे जास्त. पुरुषांत हेच आकडे १६.२ आणि २४.७. हे आकडे २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आहेत. खानदेशातल्या साक्री किंवा चोपड्याच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त कमी असलेली, हडकलेली सून आणि गुडघे धरून बसलेली तिची स्थूल सासू एकाच रांगेत असू शकतात. एकीचे वजन वाढवायचे, दुसरीचे उतरवायचे, आणि डॉक्टर एकच. त्यातून सासू पन्नाशी ओलांडलेली असेल तर ती या २३.४ टक्क्यांत धरलेलीच नाही.

शिवाय हे सर्वेक्षण बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांनाच जास्त वजनाचे मानते. भारतीय शरीरात कमी वजनावरच पोटाभोवती चरबी साठते, म्हणून आपल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये मर्यादा खाली आणली: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. पाच फूट उंचीच्या बाईसाठी याचा अर्थ साधारण ५३ किलो आणि ५८ किलो. अठ्ठावन्न किलोच्या बाईला आपल्याकडे कोणी लठ्ठ म्हणत नाही, ‘अंगाने बरी आहे’ म्हणतात.

वजनकाट्यातून जे निसटते ते टेपला सापडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत (२०२३) देशातले २८.६ टक्के प्रौढ बीएमआयनुसार लठ्ठ निघाले, तर कंबरेच्या घेरानुसार ३९.५ टक्के. म्हणजे शंभरातले सुमारे अकरा जण तरी केवळ टेपमुळे लक्षात आले. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचे आकडे १६.६ आणि १८.७ होते, फरक लहान, पण दिशा तीच.

टेप आपल्याकडे पोचलेली आहे, ही चांगली गोष्ट. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात कंबरेच्या घेराला गुण आहेत: बाईचा घेर ८० सेंमीपर्यंत असेल तर शून्य, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. पुरुषांसाठी याच पायऱ्या ९० आणि १०० वर. आई-वडील किंवा भावंडांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असेल तर आणखी दोन. एकूण चारच्या पुढे गेले की तपासणीला आधी बोलवायचे. मात्र टेप बरगडीचे खालचे टोक आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर लावायची असते. लुगड्याच्या निऱ्या किंवा धोतराची गाठ मध्ये आली की दोन-तीन सेंमी सहज वाढतात आणि तेवढ्याने गुण बदलतो. यासाठी आडोसा लागतो, आणि अंगणात उभे राहून फॉर्म भरताना तो मिळत नाही.

खरी अडचण मोजल्यानंतर सुरू होते. सपाट भागात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एका उपकेंद्राकडे ५,००० लोक असतात. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे नियोजन त्यातले ३७ टक्के तिशीपुढचे धरते, म्हणजे १,८५०. यातला चौथा हिस्सा लठ्ठ धरला तर साधारण ४६०. प्रत्येकाला तीन महिन्यांतून एकदा बोलावले, तर महिन्याला सुमारे दीडशे आणि दिवसाला सहा जण येतील. दहा-दहा मिनिटे दिली की तास झाला. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला हा तास काढता येईल. हेच ओझे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकले, तर त्याखालच्या सहा उपकेंद्रांचे मिळून रोजचे सहा तास होतात. म्हणून लठ्ठपणाचे काम उपकेंद्रातच व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

त्या दहा मिनिटांत साधायचे काय? वजनाच्या पाच ते सात टक्के घट; ६५ किलोच्या बाईसाठी तीन ते साडेचार किलो. तेवढेही उतरले नाही तरी हात टेकू नयेत. चेन्नईत ५३१ जणांवर झालेल्या मधुमेह प्रतिबंधक अभ्यासात (२००६) तीन वर्षांत नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावरच्या गटातल्या ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाचा सातत्याने पाठपुरावा झालेल्या गटात ३९.३ टक्क्यांना. वजन मात्र फारसे हललेले नव्हते. काटा जागचा हलत नाही म्हणून येणे सोडून देणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा सांगायला हवा.

आहाराचे बोलणे तेलाच्या डब्यापासून सुरू करावे. खानदेशात भरीत तेलाशिवाय नाही, शेवभाजी तर्रीशिवाय नाही, बट्टी तुपाशिवाय नाही. ‘तळलेले बंद करा’ हे ऐकून लोक मान डोलावतात आणि घरी जातात. त्याऐवजी विचारावे: पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरतो? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २,००० उष्मांकांच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. या हिशेबाने चार मोठ्या माणसांना डबा साडेचार महिने पुरायला हवा. तो तीनच महिन्यांत संपत असेल तर माणशी रोज जवळपास ४२ ग्रॅम तेल पोटात जाते, म्हणजे सुमारे १३० उष्मांक जादा. वरचे तूप वेगळेच.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आता जळगाव-धुळ्यातले लोकही विचारू लागतील. त्यांतल्या सेमाग्लुटाइडने चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातले दोन तृतीयांश परत आले. इंजेक्शन घेतले तरी उपकेंद्राचा तो तास चुकत नाही.

व्यायामाचे वेळापत्रक मात्र इथल्या शेतीवर बेतावे लागेल. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवड्याला हवी असलेली १५० मिनिटांची हालचाल दोन दिवसांतच होते; तेव्हा चालण्याचा सल्ला देणे व्यर्थ. वेचणी उरकली, लग्नसराई लागली आणि ऊन तापले की कष्ट थांबतात, पंगती वाढतात. आशाताईंनी पहिली मोजणी दिवाळीच्या सुमारास केली असेल, तर दुसरी एप्रिलमध्ये ठेवावी, आणि चालायला सकाळी सातच्या आत बाहेर पडायला सांगावे.