नवी कोंबडी, पहिले एकवीस दिवस

किनवटच्या बाजारातून, नाहीतर पैनगंगा ओलांडून पुसदकडून गावरान कोंबडी आणली की आपण काय करतो? पायाची सुतळी सोडतो, मूठभर ज्वारी टाकतो आणि दिवस मावळला की घरच्या कोंबड्यांबरोबर खुराड्यात कोंडतो. आठ दिवसांत नवी पेंगायला लागते. मग घरच्या पेंगतात, मग शेजारणीच्या. लोक म्हणतात, गावात मर आली. ती आभाळातून आलेली नसते. बऱ्याच वेळा आपणच पैसे मोजून तिला पिशवीत घालून आणलेली असते.

याचं मूळ बाजारातच आहे. एखाद्या गावात दोन-चार कोंबड्या मेल्या की बाकीच्या मरायच्या आत विकून मोकळं व्हावं, असं ज्याला त्याला वाटतं. गरिबाचा पैसा अडकलेला असतो, म्हणून नुसता दोष देऊन भागत नाही. पण त्याच कोंबड्या बाजारातून दहा गावांत जातात. म्हणून कोंबडी एकदम स्वस्त मिळायला लागली, की घेणारीनं जास्त सावध व्हावं.

घेताना कोंबडी हातात घ्या. डोळे उघडे आणि चकचकीत हवेत, नाक कोरडं हवं, तुरा लालसर हवा. शेपटीखालची पिसं शिटेनं चिकटलेली असतील तर परत ठेवा. छातीचं हाड सुरीच्या पातीसारखं हाताला लागलं, तर ती बऱ्याच दिवसांपासून खंगते आहे असं समजा. शेवटी तिला कानाजवळ धरा. श्वासात घरघर ऐकू आली तर घेऊ नका, मग ती कितीही भारी जातीची असो.

एवढं पाहूनही रोग लपून राहतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, अंगात शिरल्यावर बहुतेकदा पाच-सहा दिवसांनी दिसतो, कधी पंधरा दिवसही लागतात. म्हणून नव्या कोंबडीला एकवीस दिवस वेगळं ठेवायचं. त्याच खुराड्यात जाळी लावून नव्हे. घराच्या दुसऱ्या अंगाला, डाल्याखाली, सावलीत. तिचं पाण्याचं भांडं वेगळं. आधी घरच्या कोंबड्यांचं दाणापाणी करायचं, नव्या कोंबडीकडे शेवटी जायचं, आणि आल्यावर हात आणि चप्पल धुवायची. रोग आपल्या पायानंही चालत येतो.

या दिवसांत प्रत्येक गोष्टीला घाबरू नका. पाय बांधून, उलटी टांगून आणलेली कोंबडी पहिल्या दिवशी नीट खात नाही. तिला आधी पाणी द्या. त्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ चालेल. जागा बदलली म्हणून अंडी दोन-तीन आठवडे थांबू शकतात. शिटेचंही तसंच. रोजची शीट तपकिरी आणि वर पांढरा ठिपका अशी असते, पण अधूनमधून एखादी चिकट, गडद आणि फार घाणेरड्या वासाची पडते. ती रोगाची नाही. आणि खुडूक कोंबडी! पिसं फुलवून एका जागी बसते, खात नाही, हात लावला की गुरगुरते. तिला आजारी समजून गोळ्या चारणाऱ्या बाया आहेत. फरक सोपा आहे: खुडूक कोंबडी तापट आणि जागरूक असते, आजारी कोंबडी हात लावला तरी डोळे मिटून राहते.

रोज सकाळी दाणे टाकायच्या आधी तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपून पाहायची सवय लावा. संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही ती कडक भरलेली असेल तर दाणा खाली सरकत नाही. संध्याकाळीच रिकामी असेल तर कोंबडी खात नाही.

आता खऱ्या आजाराच्या खुणा. शिटेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण असू शकते. ती लहान पिल्लांना फार लवकर मारते. तिच्यावर पाण्यातून द्यायचं औषध आहे, वेळेत दिलं तर गुण येतो. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळपट खपल्या म्हणजे देवी. ती डासांमुळेही पसरते, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात सांडपाण्याजवळचं खुराडं हलवलेलं बरं. हिरवी पातळ हगवण, चोच वासून श्वास घेणं, पंख लोंबणं, मान पिळवटणं ही मानमोडीची लक्षणं. तिच्यावर औषध नाही. उपाय लसीचा, आणि तो रोग यायच्या आधी.

लसीचा एक मोठा अडसर असा की एक बाटली साधारण शंभर कोंबड्यांची असते, बर्फात ठेवावी लागते आणि पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या बाईनं एकटीनं ती कशी आणायची? हे काम गटाचं आहे. पशुसखी किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एक दिवस ठरवा आणि कोंबड्या खुराड्यात असतील अशा वेळी, भल्या सकाळी नाहीतर सांजेला, अख्ख्या वस्तीला लस द्या. नवी कोंबडी आठवडाभर ठणठणीत दिसली तर तिलाही घ्या. लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, ते एकवीस दिवसांत बसतात. आजारी कोंबडीला मात्र टोचू नका.

नवी कोंबडी आजारी पडलीच तर १९६२ या क्रमांकावर फोन करा किंवा दवाखान्यात विचारा. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. उवा-गोचिडांसाठी कपाशीवर फवारायचं औषध तर अजिबात लावू नका, त्यानं कोंबडी मरते आणि आपल्यालाही बाधा होते. राख आणि कोरडी माती एका खड्ड्यात टाका, ती स्वतः लोळून अंग साफ करते. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेलं बियाणं टिपूनही कोंबडी अचानक मरते, तेव्हा ते उघड्यावर सांडू देऊ नका. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा कुत्र्यापुढे न टाकता तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. आजारी कोंबडी कापून खाऊ नका आणि विकूही नका. माझं मत असं की गटानं ठरावच करावा: आजारी कोंबडी विकायची नाही, आणि तिचा तोटा एकटीवर न टाकता गटानं थोडा थोडा उचलायचा.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकं सुजलं, किंवा गावात कावळे मरून पडायला लागले, तर हात न लावता लगेच कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बचत गटाच्या पोल्ट्रीत दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, तेही बर्ड फ्लूनंच. लपवून फायदा नाही. भरपाई मिळते ती शासन मारून टाकतं त्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. उशिरा कळवणाऱ्या बाईच्या हाती म्हणूनच कमी पैसे येतात.

एकवीस दिवस नीट गेले तर बाविसाव्या रात्री, अंधार पडल्यावर, नवीला खुराड्यात सोडा. दोन-चार दिवस टोचाटोची होणारच. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा म्हणजे नवी उपाशी राहत नाही. रक्त निघालं तरच वेगळी करा.