आतड्यातील जिवाणू आणि आपली ऊर्जा

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी यांतला चोथा आपल्या पाचकरसांना पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. रोजच्या ऊर्जेपैकी साधारण १० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या मेदाम्लांतून मिळू शकते.

साध्या सर्दीसाठी मनानेच अँटिबायोटिक घेतले, तर सर्दीच्या विषाणूला काहीच होत नाही. मरतात ते हे उपयोगी जिवाणू. आहारातला चोथा वाढवा, पण हळूहळू, नाहीतर गॅस होतो.

मात्र सततच्या थकव्याचे खापर पोटावर फोडून प्रोबायोटिक घेत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.