आला, की यायचा आहे?

येशू हे नाव आणि ख्रिस्त हे आडनाव, अशी आपल्यापैकी पुष्कळांची भाबडी समजूत असते. वस्तुतः ‘ख्रिस्त’ ही पदवी आहे. हिब्रू भाषेतील ‘माशिआह’ या शब्दाचे ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’. आणि दोहोंचा अर्थ एकच – ‘अभिषिक्त’. प्राचीन इस्राएलात राजाच्या मस्तकावर तेल ओतून त्याला गादीवर बसवीत, त्यावरून हा शब्द आला. आपल्या राज्याभिषेकात जे पाण्याचे माहात्म्य, तेच तिकडे तेलाचे. पुढे यहुद्यांचे राज्य गेले, बाबिलोनचा बंदिवास नशिबी आला, तेव्हा याच शब्दात सारी आशा येऊन साठली: दावीद राजाच्या वंशात एक अभिषिक्त जन्मेल आणि आपल्याला सोडवील!

हा अभिषिक्त म्हणजेच नासरेथचा येशू, असे ख्रिस्ती मनुष्य म्हणतो. यहुदी म्हणतो, तो अजून यायचा आहे. धर्मग्रंथ तोच, संदेष्टे तेच, वचनेही तीच. आणि तरी एका शब्दापाशी दोन वाटा फुटल्या.

भाषेच्या अभ्यासकाला या वादात मोठे कुतूहल वाटावे असे पुष्कळ आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात एक स्त्री पुत्राला जन्म देईल असे वचन आहे. मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. ख्रिस्तजन्मापूर्वीच यहुदी पंडितांनी या ग्रंथाचा ग्रीक अनुवाद केला, त्यात ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा शब्द पडला. मत्तयाच्या शुभवर्तमानाने तोच आधार घेतला. त्याच यशयाच्या ५३ व्या अध्यायात दुसऱ्यांच्या पापांसाठी दुःख भोगणारा एक सेवक आहे. ख्रिस्ती वाचकाला तेथे क्रूसावरचा येशू स्पष्ट दिसतो; बहुतेक यहुदी भाष्यकारांना दिसते ते राष्ट्रोराष्ट्री छळ सोसणारे इस्राएल.

परंतु खरा मतभेद शब्दांच्या पलीकडचा आहे. अभिषिक्ताने यावे ते कशासाठी? यहुदी विचाराप्रमाणे त्याची ओळख त्याच्या कार्यावरून पटते. पांगलेले लोक एकत्र यावेत, यरुशलेमचे मंदिर उभे राहावे, जगातले युद्ध संपावे. इ. स. १३२ मध्ये बार कोखबाने रोमन सत्तेविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा रब्बी अकिबासारख्या थोर पंडितानेही त्याला अभिषिक्त मानले. १३५ साली बंड चिरडले गेले, बार कोखबा मारला गेला, आणि तो प्रश्न तेथेच मिटला. बाराव्या शतकात मायमोनिडीसने तर नियमच घालून दिला: जो मारला गेला, तो आपण ज्याची वाट पाहतो तो नव्हे.

ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर नेमके येथेच सुरू होते. माणसाचा खरा शत्रू रोम नसून पाप आहे. म्हणून मरण हाच अभिषिक्ताचा विजय, आणि पुनरुत्थान ही त्याची खूण. राहिलेली वचने तो दुसऱ्या आगमनाच्या वेळी पुरी करील. म्हणजे वाट पाहणे ख्रिस्ती माणसालाही चुकलेले नाही. मात्र तो ओळखीच्या माणसाची वाट पाहतो!

हा वाद एकदा राजवाड्यात, भर दरबारात रंगला. स्पेनमधील बार्सिलोना शहर, जुलै १२६३. अॅरागॉनचा राजा पहिला जेम्स सिंहासनावर. एका बाजूस पाब्लो क्रिस्तियानी हा जन्माने यहुदी, पण पुढे ख्रिस्ती होऊन डोमिनिकन संघात गेलेला धर्मोपदेशक. दुसऱ्या बाजूस गिरोनाचे रब्बी मोझेस बेन नाहमान, वय सत्तरीच्या घरात. मोकळेपणाने बोलण्याची मुभा रब्बींनी आधीच राजाकडून मागून घेतली होती.

पाब्लोचा डाव हुशारीचा होता. यहुद्यांच्याच ताल्मूद ग्रंथावरून तो अभिषिक्त येऊन गेल्याचे सिद्ध करू पाहत होता. ज्या दिवशी मंदिर पडले त्याच दिवशी अभिषिक्त जन्मला, अशी एक कथा त्या परंपरेत आहे. रब्बी म्हणाले, कथा ही कथा. ती मानलीच पाहिजे असे बंधन नाही. शिवाय मंदिर पडले इ. स. ७० मध्ये, येशू तर त्यापूर्वीचा! मग त्यांनी आपला मुख्य मुद्दा मांडला. राष्ट्र राष्ट्रावर तलवार उचलणार नाही असे संदेष्ट्याने सांगितले. पण येशूच्या काळापासून आजवर जग रक्तपाताने भरलेलेच आहे. आणि महाराज, युद्धच उरले नाही तर आपले व आपल्या सरदारांचे कसे व्हावे? भर दरबारात, राजाच्या तोंडावर, एक परधर्मी वृद्ध हे विचारतो, याला छाती लागते.

दोन्ही पक्षांनी वृत्तांत लिहिले, आणि दोहोंतही ज्याचा तो विजयी! रब्बींच्या वृत्तांताप्रमाणे राजाने त्यांना तीनशे नाणी देऊन गौरविले. पण पुढे हाच वृत्तांत त्यांना भोवला. १२६५ साली त्यांच्यावर धर्मनिंदेचा आरोप आला. राजाने दोन वर्षांची हद्दपारी आणि पुस्तकाची होळी सुचविली; तक्रारदारांना तेवढ्याने समाधान झाले नाही. अखेर म्हातारपणी देश सोडून रब्बी १२६७ मध्ये यरुशलेमला पोहोचले. शहर ओसाड. आपल्या धर्माचे म्हणून भेटले ते रंगारी असलेले दोघे भाऊ. तेथल्या एका पडक्या घरात त्यांनी प्रार्थनास्थळ उभे केले. अभिषिक्ताची वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, हे याहून निराळे कसे सांगावे?

या वादाची किंमत अनेक पिढ्यांनी भरली. १४९२ साली यहुद्यांना स्पेनमधून घालवून देण्यात आले. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुदी समाजावर टाकू नये, असे रोमन कॅथलिक चर्चने आपल्या परिषदेत जाहीर केले ते १९६५ साली.

हा प्रश्न आपल्या कोकणातही मराठी बोलतो. तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेलेले बेने इस्राएल लोक एलिया संदेष्ट्याचे मोठे भक्त. नवस फेडताना गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून ते त्याचे स्मरण करतात. अग्निरथातून स्वर्गात गेलेला एलिया अलिबागजवळच्या खंडाळे गावी येऊन गेला, अशी त्यांची श्रद्धा. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळजण इस्राएलात गेले. मलिदाही त्यांच्याबरोबर गेला.

त्या मोठ्या दिवसापूर्वी एलिया पुढे येईल, असे मलाखीचे वचन आहे. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने तो येऊन गेला. यहुदी घरात वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. कोणाचा एलिया खरा, याचा निवाडा करण्याचा अधिकार आपला नव्हे. पण तलवारींचे नांगर झालेले नाहीत, एवढे दोन्ही घरांतून सारखेच दिसते. बार्सिलोनाच्या दरबारात त्या वृद्धाने विचारलेला प्रश्न म्हणूनच अजून शिळा झालेला नाही.