शेळीचा आजार कसा ओळखतात?

सुटीत मराठवाड्यातील गावी गेल्यावर दारात बांधलेली काळी उस्मानाबादी शेळी तुम्ही पाहिली असेल. गरीब घराला तिच्यामुळे दूध मिळते आणि अडीअडचणीला पैसाही.

अशा शेळीला अचानक ताप आला, नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तोंडात फोड आले आणि हगवण लागली, तर तो पीपीआर हा विषाणूजन्य रोग असू शकतो. भारतात तो प्रथम १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळला. माणसाला तो होत नाही.

परंतु नुसत्या लक्षणांवरून खात्री होत नाही. लाळ-खुरकतातही तोंड येते. फुफ्फुसाच्या जिवाणूजन्य आजारातही नाक वाहते. म्हणून पशुवैद्य सुरुवातीच्या दिवसांतच नाकातील स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे एलायझा किंवा आरटी-पीसीआर चाचणीने विषाणू सापडतो. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी वेगळी. लस टोचलेल्या निरोगी शेळीतही प्रतिपिंडे असतात, म्हणून लसीकरणाची नोंद जपून ठेवावी.

निदान होईपर्यंत आजारी शेळी वेगळी बांधावी. घाबरून ती बाजारात विकली, तर रोग दहा गावांत पोहोचतो.

या रोगावर चांगली लस आहे. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाली. पीपीआरसाठी २०३० चे उद्दिष्ट आहे. गावी गेलात की आजी-आजोबांना एवढे जरूर विचारा : आपल्या शेळ्यांना लस टोचली का?