टेस्ट पास, पण यादी नापास!

समजा, कॉलेजची मेरिट लिस्ट लागलीये. तुमच्या मैत्रिणीला पैकीच्या पैकी, म्हणजे १०० मार्क. तुम्ही यादी वरून वाचायला घेता: ९९, ९८, ९७... आणि तिचं नाव सापडतं थेट तळाशी!

झालं काय? प्रोग्रामने मार्कांना आकडे न समजता मजकूर समजून लावलं. शब्दकोशात जसं आधी पहिलं अक्षर बघतात, तसं त्याने १०० मधला १ बघितला आणि ९९ च्या खाली ढकलला. जावास्क्रिप्टच्या सॉर्टला काही न सांगता १, ९, १० दिले, तर तो १, १०, ९ असंच लावतो.

गंमत म्हणजे अशा प्रोग्रामची युनिट टेस्ट आरामात पास होऊ शकते. युनिट टेस्ट म्हणजे कोडचा छोटासा तुकडा सुटा तपासणारा दुसरा कोड. त्यात ८५, ७२, ९१ एवढेच मार्क टाकले की झालं! दोन अंकी आकडे दोन्ही पद्धतींनी सारखेच लागतात. हिरवी टिक येते आणि आपण चहाला मोकळे.

मी मास कॉमची विद्यार्थिनी. कोडिंगशी संबंध आयटीवाल्या रूममेटपुरता. पण तिच्याकडून एक कळलं, ‘यादी नीट लागली का?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेत.

पहिला, शेजारच्या दोघांचा क्रम बरोबर आहे का? १०० नावांसाठी ९९ तुलना पुरतात. पण यादी रिकामीच परत आली तर? शेजारीच नाहीत, मग चूक कुठून सापडणार? टेस्ट पास!

म्हणून दुसरा प्रश्न, जेवढे आत गेले तेवढेच बाहेर आले का? दोघांना ८५ असतील तर ८५ दोनदाच दिसायला हवेत.

तिसरा, बरोबरीत असलेल्यांचं काय? आधी नावाप्रमाणे लावलेली यादी मार्कांनी लावली, तर सारखे मार्क असलेल्यांचा मूळ क्रम टिकतो का? पायथनचा सॉर्ट ही हमी देतो. सगळेच देतात असं नाही.

आणि हो, टेस्टला आधीच क्रमाने लावलेली यादी देऊ नका. काहीच न करणारा कोडही त्यात पास होईल. अपेक्षित उत्तरही त्याच फंक्शनकडून काढून घेऊ नका. पेपर लिहिणाऱ्यानेच पेपर तपासल्यासारखं होईल ते! उत्तर स्वतः हाताने लिहा.

आता जरा आपल्या भाषेकडे या. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ येतात ‘ह’च्या नंतर. कॉम्प्युटर मात्र नुसत्या युनिकोड क्रमांकांवर गेला, तर ळ येतो ‘व’च्या आधी. ‘क्ष’ साठवला जातो क, हलन्त आणि ष असा, त्यामुळे क्षितिजा जाऊन बसते केतकीच्या मागे, खंडूच्या आधी! मराठीचा क्रम कॉम्प्युटरला सांगता येतो, युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंचात तो दिलेलाही आहे. पण तो हवा हे आधी कुणाला तरी सुचायला हवं.

तर आज तुमच्या मिनी प्रोजेक्टला एवढंच द्या: एक रिकामी यादी, एक उलटी यादी, दोन सारखे मार्क, एक १००, आणि हमीदच्या पुढे एक क्षितिजा. हिरवी टिक आली, तर चहा माझ्याकडून!